अठरा वॅटचा पंप

आमच्या घरातली वीजबचतीची मोहीम एका फुकटच्या नाश्त्यातून निघाली. वाळूजच्या ज्या कंपनीत मी हिशेब लिहितो, तिथं दर डिसेंबरात ऊर्जा संवर्धन सप्ताह पाळतात. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्याच्या आगेमागे एक व्याख्यान असतं आणि व्याख्यानानंतर उपमा-जिलेबी. कारखान्यातली माणसं मशीन सोडून येऊ शकत नाहीत, म्हणून खुर्च्या भरायला अकाउंट्सवाल्यांना नेतात. आम्ही तासभर जागेवर नसलो तरी उत्पादनात काही फरक पडत नाही, असं वरच्या साहेबांचं मत आहे आणि त्यात खोट काढता येत नाही.

जिलेबीपर्यंत डोळे उघडे ठेवायचे, एवढ्याच इराद्याने मी मागच्या रांगेत बसलो होतो. पण वक्ते बोलता बोलता म्हणाले, हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. इतकी वर्षं बिल भरतोय, पण युनिट म्हणजे नेमकं काय हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. दारातल्या मीटरमध्ये काहीतरी फिरतं आणि पैसे लागतात, इथवरच माझं विजेचं ज्ञान. हिशेबाच्या माणसाच्या हाती एकदा माप लागलं की तो घरच्यांना जगू देत नाही. शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली आणि प्रत्येकाच्या छातीवर हिरवा बिल्ला लागला. तो काढायचा राहिला, तसाच घरी गेलो. आईने दारातच विचारलं, "महापालिकेला उभा राहिलास का रे?"

आमचं सिडकोतलं जुनं रो हाउस. घरात आई, बायको, इंजिनिअरिंगला असलेली मुलगी आणि नुकताच दहावीच्या तावडीत सापडलेला मुलगा. बायको शाळेत गणित शिकवते. ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे जे झालं त्यात माझा अपमान बहुतेक वेळा बेरीज-वजाबाकीनेच झाला आहे.

कंपनीच्या मेंटेनन्समधल्या एका मित्राकडून मी प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर उसना आणला. भिंतीच्या सॉकेटात तो खोचायचा, त्याच्यात आपलं यंत्र खोचायचं, की पडद्यावर आकडा येतो. त्या रात्री मी टॉर्च आणि वही घेऊन घरभर फिरलो. टीव्ही बंद होता, पण सेटटॉप बॉक्स जागा होता: ११ वॅट. वायफाय ८ वॅट. मायक्रोवेव्ह नुसती वेळ दाखवायचे ३ वॅट घेत होता आणि वेळही चुकीची दाखवत होता, कारण मागे लाईट गेली होती तेव्हापासून ते घड्याळ कुणी लावलंच नव्हतं. ११ वॅट दिवसरात्र म्हणजे महिन्याला जवळजवळ आठ युनिट! आम्ही घोरत असताना तो डबा आमच्या पैशाने आठ युनिट खात होता. मी झोपलेल्या बायकोला उठवून हे सांगितलं. तिने एक डोळा उघडून "बंद करा मग" म्हटलं आणि कूस बदलली. इतक्या मोठ्या शोधाचं इतकं छोटं उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पिवळ्या चिकटचिठ्ठ्या आणल्या आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचा आहार लिहून टाकला. फ्रिजवर, मिक्सरवर, इस्त्रीवर, मुलाच्या चार्जरवर. गिझरवर तर लाल पेनाने '२००० वॅट' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्याच संध्याकाळी कॅनॉटला सामान आणायला गेलो, तर लोक माझ्याकडे पाहून हसत होते. डेअरीवाला पोरगा सुटे पैसे देताना म्हणाला, "काका, चालू करू का?" घरी येऊन शर्ट काढला तेव्हा पाठीवरची पिवळी चिठ्ठी दिसली. मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्टँडबाय'.

पण मी खचणारा नव्हतो. मी बिल वाचायला घेतलं. महावितरणच्या घरगुती बिलात वापराचे टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. आमचा वापर ३०० च्या उंबऱ्यावर घुटमळणारा. माझी अशी पक्की समजूत झाली की ३०१ वं युनिट पडलं की सगळीच्या सगळी युनिटं वरच्या दराने मोजणार. रीडिंगच्या आदल्या रात्री मीटर पाहिला, तर २९८ झालेली. मी मेन स्विच पाडला.

आईला मी मेणबत्ती दिली. मुलगा फोनच्या उजेडात भूमिती करत बसला आणि पंख्याविना डासांनी जो कार्यक्रम मांडला तो पहाटेपर्यंत चालला. शेजारचे निवृत्त साहेब गॅलरीतून विचारत राहिले, "तुमचीच गेलीय का हो? आमची आहे!" सकाळी मी विजयी मुद्रेने बायकोला टप्प्यांचं गणित समजावलं. तिने डबा भरता भरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, ३०० च्या वर जेवढी जातील तेवढ्यांनाच वरचा दर. आधीच्यांना आधीचाच. इन्कमटॅक्ससारखं आहे हे. तुम्ही अकाउंटंट ना?"

त्या रात्रीत आम्ही जेमतेम एखाददुसऱ्या वरच्या दराच्या युनिटापासून बचावलो होतो. मेणबत्त्या आणि डासांची अगरबत्ती त्याहून महाग पडली. शिवाय स्थिर आकार कुणाला चुकत नाही, तुम्ही महिनाभर अंधारात बसून नामस्मरण केलंत तरी तो लागतो. आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. बिलाच्या मागच्या बाजूचं हे सगळं मी आता पाठ म्हणू शकतो. कुणी म्हणायला सांगत नाही.

बचत करून भागत नाही तर वीज पिकवू, असं मग ठरवलं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट छत लागतं आणि बऱ्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. ऊन हा आमच्या मराठवाड्याचा एकमेव माल असा आहे की ज्याचा कधी तुटवडा पडत नाही. एजन्सीचा मुलगा आला, छतावर चढला, फोन उभा-आडवा धरून सावल्या पाहिल्या आणि म्हणाला, "काका, या टाक्या हलवता येतील का?"

बाहेरगावच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये किती दिवस जातात ते वॉर्डावर, ऋतूवर आणि नशिबावर असतं. 'पाण्याचा दिवस' हा आमच्याकडे वारांपेक्षा मोठा असतो. त्यामुळे प्रत्येक घराच्या पोटात हौद आणि डोक्यावर टाक्या. आमच्या डोक्यावर तीन आहेत, काळ्या, उंच लोखंडी स्टँडवर आणि नेमक्या दक्षिणेला. सूर्य तिकडूनच येतो. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या बाकीच्यांचं उत्पादन खाली येतं, असं त्या मुलाने सांगितलं. टाक्या हलवायच्या तर पाइप हलवायचे, पाइप हलवायचे तर भिंत फोडायची. बायको खालून म्हणाली, "त्यापेक्षा सूर्य हलवता येतो का विचारा."

छत गेलं, पण ऊन तर होतंच. ऑफिसातल्या एका जोडप्याच्या माळ्यावर सोलर कुकर पडून होता, तो मी मोठ्या प्रेमाने घरी आणला. पत्र्याची पेटी, आतून काळी, वर काचेचं दुहेरी झाकण आणि झाकणाला आरसा. काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ लावून उन्हात ठेवायचे, आरसा सूर्याच्या तोंडाकडे करायचा, दोन-तीन तासांत जेवण तयार. गॅस नाही, वीज नाही. रविवारी सकाळी मी तुरीची डाळ लावली आणि दर थोड्या वेळाने वर जाऊन आरसा फिरवू लागलो. तिसऱ्या फेरीला खालून आरडाओरडा ऐकू आला. आरशातलं ऊन डाळीवर न पडता समोरच्या बाजूने तिरकं जाऊन साहेबांच्या हॉलमध्ये, थेट टीव्हीवर पडलं होतं. आत भारताची मॅच चालू होती आणि शेवटच्या षटकांत पडद्यावर पांढऱ्या उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं. साहेब लुंगीवर बाहेर आले. ते आधी आकाशाकडे बघत होते. मी पेटीमागे खाली बसलो.

डाळ शिजली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण दुपारी तीनला शिजली, आणि आईने साडेबारालाच कुकर लावून सगळ्यांना जेवायला वाढलं होतं. डाळ तासभर आधी भिजत घालायची, कुकरला दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा आणि बाकीचं काम आतल्या वाफेवर सोडायचं, ही तिची जन्माची पद्धत. मी ते कधी पाहिलं नव्हतं, कारण ताट वाढल्यावरच मी स्वयंपाकघराच्या दिशेला जातो. सोलर कुकर तिने पुढे शेंगदाणे भाजायला ठेवून घेतला. खरंच छान भाजतात. जळत नाहीत, हलवावे लागत नाहीत.

एप्रिलात छतावर चुना मारायचं काढलं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओकतो. आईच्या माहेरी, पैठणला, माळवदाचं घर होतं. मातीच्या जाड छपराखाली वैशाखातही दुपारी झोप लागायची म्हणे. आपल्याला माळवद जमणार नाही, पण पांढरा रंग ऊन परतवतो, हे शास्त्र आहे. चुना, डिंक, पांढरं सिमेंट असं मिश्रण मी स्वतः बादलीत कालवलं, कारण मजूर लावला तर बचत कसली? दोन हात मारले. छत असं झगझगीत झालं की गॉगलशिवाय वर जाता येईना. आईने वर पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या; पांढऱ्यावर पांढरं, त्यात पांढरं! मी त्यांच्यावरून चालत गेलो ते पायाखाली कुरकुर वाजल्यावर कळलं.

मिश्रणात डिंक कमी पडला असावा. त्याच आठवड्यात अवकाळी आला, विजा, गारा, सगळ्या लवाजम्यासह. आमच्या पन्हाळ्यातून पांढराशुभ्र ओघळ निघाला आणि खाली उभ्या असलेल्या साहेबांच्या मरून रंगाच्या नव्या गाडीवर पडत राहिला. पाऊस थांबल्यावर ते बाहेर आले, गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी सूर्य पाठवलात," ते म्हणाले, "आता दूध." सज्जन माणूस. गाडी मी धुऊन दिली. पाण्याचा दिवस दूर होता, हे त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे त्या धुण्याचं मोल त्यांनी जाणलं.

आणि मग मे आला. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो आणि हवा पार कोरडी असते. वरच्या खोलीत दीड टनाचा एसी आहे. कॉम्प्रेसर चालू असला की दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. कुलर घेतो दीडशे-दोनशे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणून मुंबईत जो कुलर नुसती चिकचिक करतो तो आमच्याकडे स्वर्ग उभा करतो. एसीचा रिमोट मी कपाटात कुलूपबंद केला. गच्चीवरून जुना पत्र्याचा कुलर उतरवला, त्याचं कुजलेलं गवत फेकून नवं भरलं, त्यात मूठभर वाळा खोचला. गवत भरताना बोटांत कुसळं जातात, खालच्या ट्रेमध्ये मागच्या साली मेलेली पाल निघते, पंप हाताने फिरवून मोकळा करावा लागतो. या कष्टांशिवाय मराठवाड्यात उन्हाळा सुरू झाला असं मानत नाहीत.

पहिल्या रात्री सगळे खूश. वाळ्याचा वास, गार वारा. दुसऱ्या दिवशी बायको हौदात वाकून बघत होती. कुलर वीज कमी खातो, पण पाणी पितो; एका उन्हाच्या दुपारी बादल्याच्या बादल्या. "वीज वाचवायची का पाणी?" तिने विचारलं. "काय ते एक ठरवा."

नेमके त्याच सुमारास पुण्याहून पाहुणे आले. पाहुणे आले की मकबरा आणि पाणचक्की हा आमचा ठरलेला रस्ता. आजवर शेकडो वेळा मी पाणचक्कीच्या हौदाकाठी आईसक्रीम खाल्लं असेल, पण या वेळी माझ्या डोक्यात वॅट होते. तिथं पाहुण्यांना मी जे भाषण दिलं ते ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून इथे थोडक्यात देतो.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आमचं हे शहर, वसवली आणि गावासाठी डोंगराकडून नहर आणली. जमिनीखालून, नुसत्या उतारावर. पाणचक्कीची नहर त्याच्या मागाहूनची, पण युक्ती तीच: हर्सूलकडच्या टेकड्यांतलं पाणी खापराच्या नळांतून कित्येक किलोमीटर खाली वाहत आणायचं, उंच भिंतीवरून चक्राच्या पात्यांवर सोडायचं आणि त्या जोरावर जातं फिरवायचं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना, वाटसरूंना त्या पिठाची भाकरी मिळायची. युनिट शून्य. आणि आता? आमचं पिण्याचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. धरण काठोकाठ भरलं तरी पातळी १५२२ फूट. शहर त्याहून तीनेकशे फूट उंच. म्हणजे जुने लोक पाणी वरून खाली आणत होते आणि आम्ही खालून वर, चाळीस-पन्नास किलोमीटर, रात्रंदिवस पंप लावून चढवतो. आमच्या नळाचा प्रत्येक तांब्या विजेवर बसून येतो.

हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येईपर्यंत मी ते दोनदा म्हटलं. त्यातून शहाण्या माणसाने पाणी जपून वापरायचा बोध घेतला असता. मी घेतला तो असा: उतार वापरायचा. टाक्या छतावर, कुलर खिडकीत, म्हणजे पाणी आपोआप खाली येणार. मग कुलरमधला पाणी फिरवणारा पंप हवाच कशाला? तो पंप मी वॅटमीटरला लावून पाहिला होता. १८ वॅट. तेही वाचवायचे.

पैठणकडच्या मामेभावाची मोसंबीची बाग आहे. त्याच्याकडून ठिबकची नळी आणि मूठभर ड्रिपर मागवले. ते हातात देताना तो म्हणाला, "दादा, हे झाडाला असतं." मी टाकीच्या खालच्या तोटीला नळी जोडली, भिंतीवरून खाली आणली आणि कुलरच्या तिन्ही बाजूंच्या गवतावर ड्रिपर बसवले. थेंब, थेंब, थेंब. पंपाची वायर काढून मी ती ट्रॉफी टीव्हीवर ठेवली. मुलगी खिडकीशी येऊन बराच वेळ बघत होती. "बाबा, १८ वॅट म्हणजे रात्रभरात किती?" आठ तासांचं युनिटाच्या सातव्या हिश्शाएवढं. "बरं," ती म्हणाली आणि गेली. तिचं ते 'बरं' मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

टाकीतलं पाणी जड. दोन दिवसांत ड्रिपरच्या तोंडाशी क्षार जमले आणि थेंब बंद पडले. मी ड्रिपर काढून फेकले आणि नळीलाच तापल्या दाभणाने भोकं पाडली. रात्री तीही एक एक करून बुजत गेली असणार, आणि पाण्याचा सगळा भार नळीच्या टोकाच्या बुचावर आला असणार. बूच उडाल्याचा आवाज कुणी ऐकला नाही. मला मात्र स्वप्न पडलं. मी म्हैसमाळला आहे, ढग खाली उतरलेत, अंगावर बारीक तुषार येताहेत. इतकं सुख मला जागेपणी झालेलं आठवत नाही.

तुषार खरे होते. ट्रे भरून वाहिला होता, नळीचं टोक मोकळं होऊन कुलरच्या पंख्यासमोर नाचत होतं आणि पंखा ते पाणी इमानेइतबारे खोलीत फेकत होता. मी पाय खाली टाकला तो घोट्यापर्यंत पाण्यात. दिवाणाच्या पेटीत गाद्या, आईने शिवलेल्या गोधड्या आणि लग्नाचा अल्बम. बायको पलंगावर उभी राहून म्हणाली, "मेन स्विच पाडा!" हे काम मला येत होतं.

उजाडेपर्यंत एक हजार लिटरची टाकी कोरडी झाली होती. टाक्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे बाकीच्या दोघीही तिच्या मागोमाग गेल्या. पाण्याचा दिवस अजून चार दिवस लांब. हौदाच्या तळाशी होतं ते आईने पिण्यासाठी कळशीत काढून घेतलं आणि त्यावर झाकण ठेवून पाट ठेवला. मी टँकरवाल्याला फोन लावला. डिझेलचा धूर सोडत टँकर गल्लीत आला, मागे येताना त्याने साहेबांच्या कुंड्यांपैकी एक फोडली आणि पाऊण तास पंप लावून आमच्या हौदात पाणी टाकलं. ते हौदातून टाकीत चढवायला आमची मोटर.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मुलीने वही मागितली. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला, कसलीही गळती, घर्षण न धरता, पाव युनिटाहून थोडी जास्तच वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच. पैठणहून आमच्या घरापर्यंतचा चढ साधारण तेवढाच आहे. "तीन टाक्यांचे तिप्पट," ती म्हणाली. "तुम्ही पंप काढून जे वाचवलंत त्यातून हे किती रात्रींत भरून निघेल, आई सांगेल." आईने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगितलं नाही. टँकरची पावती तिने फ्रिजवर, माझ्या पिवळ्या चिठ्ठीच्या शेजारी लावली. ती अजून तिथं आहे.

या सगळ्यातून घरात काय टिकलं? सेटटॉप बॉक्सचा स्विच रात्री बंद होतो, तो आता मुलगा करतो. जुने पंखे पंचाहत्तर वॅटचे होते. त्यातले जास्त चालणारे दोन काढून बीएलडीसीचे बसवले, ते तिसाच्या आसपास घेतात, आणि मला कबूल करायला जड जातं, पण माझ्या सगळ्या उद्योगांत बिल खरोखर खाली आणलं ते त्या दोन पंख्यांनी. ते बायकोने दिवाळीच्या बोनसमधून घेतले होते. दुकानात मी स्टार किती आहेत ते वाचत उभा होतो तेवढ्यात तिने पैसे दिले. टाकी भरली की ओरडणारी घंटी बसवली. पूर्वी पाण्याच्या दिवशी मोटर लावून आम्ही बातम्या बघत बसायचो आणि टाकी भरून पाणी छतावरून गल्लीत पडलं की मग उठायचो. घंटी लागल्यापासून हौद पुरतो आणि मोटर कमी चालते. एसीचा रिमोट कपाटातून बाहेर आला आहे, पण २४ वर लावून वर पंखा सोडतो. कुलर दुपारी, एसी रात्री थोडा वेळ, असा तह झाला आहे. कुलरला पंप परत बसवला. १८ वॅट.

आई यातलं काही करत नाही. ती रांजणातलं पाणी पिते, सूर्य मावळल्यावर गच्चीत चटई टाकते आणि खोलीतून बाहेर पडताना पाठीमागे हात करून बटण बंद करते, न बघता. मी वॅटमीटर लावायला तिच्या खोलीत गेलो होतो, तर लावायला काहीच सापडलं नाही.

जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या, मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. आमच्याकडे तो मीटर लागताच मी जाहीर केलं की मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन नऊनंतरच. डबे आठला निघतात. बायकोने काही न बोलता चटणीसाठी आईचा पाटा-वरवंटा ओट्याखालून काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आमच्याकडे सध्या चटणी मी वाटतो.

शेवटी एक विनंती. सोलर कुकर, पेटी सुस्थितीत, आरसा एका कोपऱ्यात तडकलेला, गरजूंना मोफत द्यायचा आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे एक पावशेर भाजलेले शेंगदाणेही मिळतील. सोबत ठिबकची नळी हवी असल्यास न्यावी, भोकांसह. ज्यांच्या घरासमोर क्रिकेट पाहणारे शेजारी नाहीत त्यांना प्राधान्य. सकाळी ९ ते ५ या वेळेतच यावं, आणि बेल दाबू नये. बेलच्या बटणात एक लाल दिवा होता, तो चोवीस तास जळायचा. मी वायर काढून ठेवली आहे. कडी वाजवावी.